तालमीतून डब्ल्यूडब्ल्यूई आणि तिथून पिक्चर: आधी पाठ टेकवायला शिका

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, कोल्हापूरवरून, तालमीतनं आल्या आल्या, अजून धाप लागलेली. "मामा, मला डब्ल्यूडब्ल्यूईला जायचंय, तुम्ही तिकडंच असतायसा की, काय करायचं तेवढं सांगा." मी अमेरिकेत राहतो म्हणजे रोज संध्याकाळी जॉन सीनाबरोबर चहा पितो असा घरात सगळ्यांचा समज आहे, ते असो. पण मी स्वतः राज्य पातळीपर्यंत ज्युडो खेळलोय आणि इकडं कॅलिफोर्नियात दोन वर्षं शनिवार-रविवार प्रो रेसलिंगच्या (डब्ल्यूडब्ल्यूईत असते ती, निकाल आधी ठरलेली कुस्ती) क्लासला धडपडलोय (शब्दशः धडपडलोय), त्यामुळं थोडंफार सांगू शकतो. फोनवर पंधरा मिनिटांत जमेना म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं, ज्याला कुणाला परदेशात जाऊन हे करायचंय त्यानं वाचावं.

पहिलं, हे जमतं का? जमतं, आणि फक्त सात फुटी लोकांनाच जमतं असं नाही. मला यात सगळ्यात शिकण्यासारखा माणूस वाटतो तो व्लादिमिर कोझलोव्ह, खरं नाव ओलेग प्रुडियस. २००८-०९ ला टीव्हीवर बघत असाल तर आठवेल, दगडासारखा चेहरा. हा माणूस मूळचा युक्रेनमधल्या कीव्हचा, साम्बो खेळणारा, म्हणजे रशियाकडची ज्युडो-कुस्तीची जी मिसळ असते ती. अमेरिकेत आला, २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं साइन केलं, दोन वर्षं ट्रेनिंगच्या छोट्या शोमध्ये घासला आणि २००८ ला टीव्हीवर आला. सुरुवातीला ना म्युझिक ना फटाके, नुसता एक स्पॉटलाइट, येणार आणि समोरच्याला चिरडून जाणार. पण त्याच वर्षी सर्व्हायव्हर सिरीजला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या वार्षिक शोला, तिथला बडा स्टार ट्रिपल एचसमोर टायटल मॅचला उभा केला तर पब्लिक एकदम थंड. साम्बो खरं होतं, ताकद खरी होती, पण वीस मिनिटं लोकांना खुर्चीच्या टोकावर बसवून ठेवायची कला वेगळी, ती अजून यायची होती. मग गंमत बघा, पुढं याच राक्षसाला सँटिनो मरेलासारख्या विदूषकाबरोबर टाकलं आणि तिथं हा लोकांना आवडायला लागला, डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी टॅग टीम टायटल, म्हणजे जोडीनं लढायचं, ते जिंकलं. ऑगस्ट २०११ मध्ये कंपनीनं सोडलं आणि मग गडी ॲक्टिंगकडं वळला. उणीपुरी पाचेक वर्षं. तुमच्या करिअरचा हिशेब पण साधारण एवढाच धरा, दहा-पंधरा वर्षं कॅमेऱ्यासमोर टिकणारे फार थोडे.

आता मेन मुद्दा. कुस्तीवाला, ज्युडोवाला, कराटेवाला, सगळ्यांना वाटतं आपल्याला लढता येतं म्हणजे अर्धं काम झालं. अर्धं नाही, पाव झालं. आणि कुस्तीवाल्या पोराचा तर उलटा प्रॉब्लेम असतो. आपल्याकडं लहानपणापासून काय शिकवलंय, पाठ मातीला लागली की संपलं, चितपट, वस्ताद शिव्या घालणार, गावात तोंड दाखवायची सोय नाही. खासबागेत निकाली कुस्ती बघितलेल्या माणसाला विचारा, खांदा टेकू नये म्हणून पैलवान मानेवर पूल करून जीव काढतात. आणि इथं पहिल्या दिवशी कोच काय सांगतो, पाठीवर पड. परत पड. परत. पहिल्या आठवड्यात मी किती वेळा पडलो ते मोजायचं सोडून दिलं होतं.

याला बंप म्हणतात. ज्युडोतली उकेमी (न लागता पडायची पद्धत) येत असेल तर फायदा आहे पण पूर्ण नाही, का ते सांगतो. ज्युडोत फेकणारा शेवटपर्यंत तुमची बाही धरून वर ओढतो आणि आपण बहुतेक वेळा एका कुशीवर पडून एका हातानं मॅट मारतो. इथं सपाट पाठीवर पडायचं. आधी उकिडवं बसा, हनुवटी छातीला चिकटवा (आमचा कोच हनुवटीखाली टेनिस बॉल धरायला लावायचा, बॉल पडला की परत पहिल्यापासून), मग मागं पडा, जमिनीला आधी पाठीचा वरचा रुंद भाग लागला पाहिजे, कंबर नाही, कोपर तर अजिबात नाही, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळवे खाली, एकाच वेळी थाडकन मारायचे आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. श्वास धरून पडलात की आतून सगळं हलतं, डोळ्यापुढं काजवे. उकिडवं जमलं की अर्धवट उभं राहून, मग पूर्ण उभं राहून, मग कुणीतरी उचलून. हे सगळं घरी गादीवर करू नका, गादीवर मान चुकीची राहिली तरी कळत नाही आणि तीच सवय लागते. आणि रिंग मऊ असते हा गैरसमज तर काढूनच टाका, खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर कॅनव्हास. टीव्हीवर जो 'ढाम' आवाज येतो तो फळ्यांचा.

दोऱ्यांचं पण तसंच. रोपवर धावत जाऊन पाठ आपटायची आणि परत यायचं, बघायला किती सोपं. तीन पावलांत रिंग पार करायची, वळताना उजव्या हातानं वरची दोरी धरायची, कारण दोरी तुटली तर डोक्यावर बाहेर पडू नये. पहिले दोन आठवडे काखेखाली आणि पाठीवर काळेनिळे पट्टे उठतात, बायकोनं विचारलं होतं ऑफिसमध्ये नक्की चाललंय काय.

दुसरी गोष्ट, समोरच्याला जपायचं. माझी स्वतःची फजिती सांगतो. तिसऱ्या महिन्यात एका पोराबरोबर साधी प्रॅक्टिस चाललेली, तो नीट वाकला, मला सेओई नागेचा (खांद्यावरून फेकायचा ज्युडोचा डाव) असा झकास चान्स दिसला, अंगात भिनलेलं ना, घेतला. खराखुरा. पोरगं खांद्यावर आदळलं. कोच काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, तेच जास्त लागलं. तो पोरगा उठला, हसला आणि दोन मिनिटांनी त्यानं माझ्या छातीवर अशी चापट मारली की चार दिवस पाचही बोटं मोजता येत होती. याला इकडं रिसीट म्हणतात, तुम्ही जोरात मारलंत की पावती मिळते, हिशेब बरोबर. शिकायचं ते एवढंच की तिथं जो फेकतोय तो एकटा फेकत नसतो, पडणारा स्वतः उडी मारून मदत करतो आणि त्यानं आपली मान तुमच्या हातात दिलेली असते. आपल्याकडं ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणून नावं ठेवतात आणि ते बरोबरच आहे, कारण तिथं लोकांना खरं म्हणून विकलेलं असतं, पण इथं सगळ्यांना माहीत असून तिकीट काढतात, बघायला येतात ती कारागिरी. हे डोक्यात शिरायला मला वर्ष गेलं.

बारीक गोष्ट अजून एक, अमेरिकेत जवळपास सगळं डाव्या बाजूनं करतात, हेडलॉक (समोरच्याची मुंडी काखेत धरायची पकड) डावा, हात पकडायचा तो डावा. मेक्सिकोत उलटं, उजव्या बाजूनं. मी उजवी ग्रिप घेणारा ज्युडोवाला, सहा महिने समोरच्याच्या नाकावर कोपर मारत होतो. आणि रेफरी हातांची फुली करताना दिसला तर समजायचं कुणाला तरी खरंच लागलंय, थांबायचं.

डोक्याला मार लागला तर मात्र मर्दुमकी दाखवायची नाही. हे सगळ्यात सिरियसली सांगतोय. आपला द ग्रेट खली इकडं ज्या शाळेत शिकला तिथं २००१ मध्ये एका शिकाऊ पोराचा सरावात मृत्यू झाला, खली त्या वेळी त्याचा जोडीदार होता, त्या पोराला आधीच डोक्याला मार लागलेला होता तरी सराव चालू ठेवलेला, पुढं कोर्टात ज्युरीनं शाळेला जबाबदार धरलं. म्हणून शाळा निवडताना फीच्या आधी हे विचारा: कोचनं स्वतः किती वर्षं काम केलंय, डोक्याला लागल्यावर किती दिवस बाहेर बसवतात, पहिल्या महिन्यात उचलून आपटतात का (आपटत असतील तर निघा). एक क्लास नुसता बसून बघू देत नसतील तरी निघा. मी आधी एका ठिकाणी अख्ख्या सहा महिन्यांचे पैसे भरले होते, नाव घेत नाही, तिथं रिंगची एक फळी सरकलेली होती आणि माझा पाय त्यात गेला, गुडघा सुजून टरबूज. कोच म्हणे आइस लाव. पैसे परत मिळाले नाहीत हे वेगळं सांगायला नको.

आता व्हिसा, जो कुणालाच ऐकायचा नसतो. मी वकील नाही, पण हे पक्कं: टुरिस्ट व्हिसावर येऊन पैसे घेऊन मॅच लढता येत नाही, आणि एअरपोर्टवर बॅगेत बूट, कॉश्च्यूम आणि मोबाइलवर शोचं पोस्टर सापडलं की पुढचा प्रश्न कुठला येणार ते तुम्हीच समजा. मी एच-१बीवर होतो, म्हणजे ज्या कंपनीनं बोलावलं फक्त तिच्यासाठी काम. एकदा एका छोट्या प्रमोटरनं शाळेच्या जिममधल्या शोला बोलावलं, साठ डॉलर देणार होता, साठ! आणि मला नाही म्हणावं लागलं, त्या दिवशी मी प्रेक्षकांत बसून नाचोज खाल्ले आणि माझ्या जागी जो उतरला त्याला रोप पण धड धावता येत नव्हतं. अजून आठवलं की पोटात दुखतं. खेळाडूंसाठी पी-१ व्हिसा असतो, त्यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर नाव झालेलं दाखवावं लागतं आणि अर्ज तिकडच्या कंपनीनं किंवा एजंटनं करायचा असतो, एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळतो. दुसरा ओ-१, असामान्य गुणवत्तावाल्यांसाठी, खेळ आणि कला दोन्हीकडं चालतो, पण कागद फार मागतात. तेव्हा भाच्या, आजपासून प्रत्येक मेडलचा फोटो, प्रत्येक पेपरातलं कात्रण, तारखेसकट, एका फाइलला लाव. 'सकाळ'च्या पान सातवर आलेलं चार ओळींचं पण. आई रद्दीत टाकेल, तिला सांगून ठेव.

थेट मोठ्या कंपनीत जायचं असेल तर ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी. डब्ल्यूडब्ल्यूईनं भारतातली पोरं निवडायला २०१७ मध्ये दुबईत आणि २०१९ मध्ये मुंबईत ट्रायआउट घेतले होते, निवड झाली की ऑर्लँडोच्या परफॉर्मन्स सेंटरला पाठवतात आणि तेव्हा व्हिसाचं कंपनीच बघते. ट्रायआउटमध्ये दमसास बघतात, पडणं-उठणं बघतात आणि माइक हातात देऊन बोलायला लावतात. आपली पोरं पहिल्या दोनमध्ये पास आणि माइक आला की "माय नेम इज..." इथंच अडकतात. सत्येंदर डागर तर हिंद केसरी, तोसुद्धा २०१५ ला तिकडं गेल्यावर शून्यापासून शिकला. तेव्हा रोज रात्री मोबाइल समोर ठेवायचा आणि एक मिनिट बोलायचं, आधी मराठीत. कशावर? ज्याच्यावर खरंच राग आहे त्याच्यावर, मागच्या वर्षी पॉइंटवर हरवलेल्या पोरावर बोल. मराठीत डोळ्यांत आग आली की मग तेच इंग्रजीत, व्याकरण चुकलं तरी चालतंय. पाठ केलेलं इंग्रजी ऐकायला कुणी पैसे देत नाही.

आणि मग येतं गिमिक, म्हणजे पात्र. इथं परदेशी माणसाला थोडं पोटात घ्यावं लागतं. कोझलोव्ह कीव्हचा, पण टीव्हीवर त्याला मॉस्कोचा रशियन करून टाकला. रुसेव्ह म्हणून दुसरा पैलवान, बल्गेरियाचा, प्लोव्दिवचा, त्याला पण रशियाचा झेंडा दिला. आणि कोझलोव्हचा तो पार्टनर सँटिनो, इटालियन म्हणून मिरवणारा, एप्रिल २००७ मध्ये मिलानच्या प्रेक्षकांतून उठून आलेला 'सामान्य माणूस' म्हणून दाखवला, तो प्रत्यक्षात कॅनडाचा अँथनी कॅरेली, पक्का ज्युडोवाला! म्हणजे एक युक्रेनी साम्बोवाला रशियन बनून आणि एक कॅनेडियन ज्युडोवाला इटालियन बनून विनोदी सीन करतायत आणि दोघांकडं खरे डाव असे की समोरच्याचा हात मिनिटात लॉक करतील. मला ती जोडी भयंकर आवडायची. जिंदर महल कॅनडातल्या कॅलगरीचा, त्याला महाराजा केला. खलीला आधी राक्षस, सोबत त्याच्यासाठी बोलणारा मॅनेजर, मग दुभाष्या आणि शेवटी पंजाबी प्लेबॉय करून नाचवला. पण तोच माणूस पंजाब पोलिसातून जाऊन २००७ ला वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला, हे पण खरंय.

माझं मत, पहिल्यांदा जे देतील ते घ्या पण त्यात स्वतःची एक गोष्ट घुसवा. कविता देवी २०१७ ला सलवार-कमीजवर डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरली, लोकांच्या तेच लक्षात राहिलं. आपल्याकडं तर किती आहे, शड्डू ठोकणं घ्या, तो आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. गदा घ्या, फेटा घ्या, कपाळाला माती लावून सलामी घ्या. फक्त देवाधर्माचं काही घेऊ नका, हील, म्हणजे खलनायक, झालात की लोक त्यालाच शिव्या घालणार, आणि गावाकडं व्हिडिओ पोचतो. कुठल्या रेषेच्या पुढं जाणार नाही ते सही करायच्या आधी स्वतःशी ठरवा, नंतर बॅकस्टेज उभं राहून ठरत नाही.

ॲक्टिंगकडं येऊ. बऱ्याच जणांना वाटतं आधी चॅम्पियन, मग पिक्चर. उलटंही होतं. खली 'द लाँगेस्ट यार्ड'मध्ये २००५ लाच दिसला, डब्ल्यूडब्ल्यूई त्याच्यानंतर वर्षानं. आणि मध्य प्रदेशचा सौरव गुर्जर तर बघाच, मूळ किकबॉक्सर, मग 'रिंग का किंग' या आपल्याकडच्या रेसलिंग शोमध्ये लढला (ते शूट पुण्यात बालेवाडीला झालेलं, २०१२ ला टीव्हीवर आलं, जेफ जॅरेटसारखे अमेरिकेतले नावाजलेले पैलवान पुण्यात हे आज सांगितलं तर पोरं खोटं समजतात), मग टीव्हीवर महाभारतातला भीम, मग २०१८ ला डब्ल्यूडब्ल्यूईबरोबर करार करून अमेरिका, तिथं सांगा नावानं, आणि मधेच 'ब्रह्मास्त्र'. २०२४ ला कंपनीनं सोडलं. दारा सिंगांनी हेच फार आधी केलेलं, १९४७ ला सिंगापूरला गेले, तिकडं कुस्त्या मारल्या, परत येऊन सिनेमे, आणि १९८७ पासून अख्ख्या देशाचे हनुमान. म्हणजे रस्ता जुनाच आहे, आपण काही पहिले नाही.

पण रिंगमधली ॲक्टिंग कॅमेऱ्यात जशीच्या तशी चालत नाही. रिंगमध्ये दुखलं हे वरच्या गॅलरीतल्या माणसाला कळलं पाहिजे म्हणून सगळं मोठं, हात, तोंड, डोळे. पिक्चरमध्ये क्लोजअप लागला की तेच माकडचेष्टा दिसतं. घरी करायचा प्रयोग: कुणीतरी पोटात मारलंय असं समजून मोबाइल आधी दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा, मग दोन फुटांवर. दोन फुटांवाल्यात भुवया पण हलवू नका, नुसता श्वास अडकवा. दोन्ही बघा, फरक लगेच कळेल. ऑडिशन आता बहुतेक सेल्फ टेपवर असते, म्हणजे स्वतःच रेकॉर्ड करून पाठवायची, मागं साधी भिंत, उजेड तोंडावर, आवाज स्वच्छ, बस्स, ड्रोन नको. सुरुवातीला रोल मिळणार ते बाउन्सर, गुंड, व्हिलनचा उजवा हात, तीन फाइटी आणि शून्य डायलॉग. घ्या. स्टंटवाल्यांशी दोस्ती करा, ज्याला नीट पडता येतं त्याला सेटवर काम असतंच. आणि रेसलिंगच्या व्हिसावर पिक्चरमध्ये काम चालेलच असं नाही, कागद ज्या कामाचा त्याच कामापुरता, ते वकिलाला विचारल्याशिवाय सही नको.

पैशाचं थोडक्यात. डब्ल्यूडब्ल्यूईसुद्धा पैलवानांना कर्मचारी नाही तर स्वतंत्र कंत्राटदार धरते, छोट्या शोवाल्यांचं तर विचारूच नका. म्हणजे टॅक्स, प्रवास, हॉटेल, विमा यातलं कुठलं कोण देणार हे करारात वाच, आणि टीव्हीवरचं नाव त्यांचं की तुझं ते पण वाच, कारण प्रुडियस बाहेर पडला तो प्रुडियस म्हणून, कोझलोव्ह तिथंच राहिला. विम्याशिवाय अमेरिकेत रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही, माझ्या गुडघ्याच्या एमआरआयचं बिल बघितलं असतंस तर तालमीत उठाबशा पण सोडल्या असत्यास. हे सगळं जड वाटत असेल तर आधी जालंधर गाठ, खलीनं २०१५ ला तिथं अकॅडमी काढलीय, कविता देवी तिथूनच पुढं गेली. कोल्हापूर ते जालंधर रेल्वेचं तिकीट काढून बघ, पंधरा दिवस पडून बघ.

हे सगळं भाच्याला पाठवलं तर त्याचा रिप्लाय काय, "मामा वाचलं, पण वस्तादांना काय सांगू, पाठीवर पडायची प्रॅक्टिस करतोय म्हणून?" त्याला म्हटलं तालमीत नको करूस बाबा, मैदानावर लांब उडीचा वाळूचा खड्डा असतो तिथं संध्याकाळी कुणी नसताना कर, उकिडवं बसून, आणि हनुवटीखाली बॉल धरायला विसरू नकोस. काल व्हिडिओ आला. बॉल पहिल्याच वेळी पडला, पण श्वास मात्र बरोबर सोडला होता पोरानं.